निळा बेडूक आणि राजकन्येचा शेला

पूर्वी काशीनगरीत दृढसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या एका रंगाऱ्याच्या घरी जन्मले. दूर तक्षशिलेला जाऊन त्यांनी रंगविद्या शिकून घेतली, आणि ती आपल्या माणसांच्या उपयोगी पडावी म्हणून परत येऊन ते बापाच्या रांजणांपाशी उभे राहिले.

राजाला सुभगा नावाची एकच मुलगी होती. नवव्या वर्षी ती तापाने गेली. मागे तिचा एक निळा शेला राहिला. त्या शेल्यावाचून ती कधी कुठे गेली नव्हती. आता राजा तो उशाशी घेऊन निजत असे.

वर्ष सरले. राजोद्यानातल्या तळ्यात माळ्याला एक बेडूक सापडला. तळ्यातले बाकीचे बेडूक पानासारखे हिरवे होते. हा मात्र सगळाच्या सगळा निळा. पुरोहिताने त्याला राजकन्येच्या शेल्यावर ठेवले. दोन्ही रंग इतके एक झाले, की बेडकाचे डोळेच काय ते वेगळे दिसत होते.

“महाराज, राजकन्या परत आली,” पुरोहित म्हणाला.

राजाने बेडकाला स्फटिकाच्या घटात ठेवले. तळाशी शेला अंथरला. स्वतःच्या हाताने तो त्याला दूधभात भरवू लागला. बेडूक खाईना. संध्याकाळी तळ्यातले बेडूक ओरडू लागले, की तो घटाच्या भिंतीवर तोंड आपटी आणि मग तिथेच टेकून राही.

“बघा, मला हाक मारतेय,” राजा म्हणे.

सहाव्या दिवशी बेडकाचे अंग सुरकुतले. पुरोहित म्हणाला, “जुना शेला विटला. त्याच रंगाचे शंभर हात नवे वस्त्र हवे.” राजाने बोधिसत्त्वांना बोलावले. रंग हुबेहूब उतरला तर एक गाव इनाम देण्याचे त्याने कबूल केले. बोधिसत्त्वांनी शेला पाहिला, बेडूक पाहिला, आणि उद्या येतो म्हणून ते घरी आले.

“चेहरा का उतरलाय?” पत्नीने विचारले.

“तो शेला मीच रंगवला होता. हिरवा.”

“निळा आहे म्हणतात तो.”

“घाई झाली होती. नुसत्या हळदीवर भागवलं, रंग पक्का करणारी डाळिंबाची साल घातलीच नाही. हळद उन्हात उडाली, खालची नीळ उरली. परत रंगवून देतो म्हटलं, तर पोर शेला पोटाशी धरून पळाली.”

“मग गप्प राहा की! गाव मिळतंय. खरं सांगितलंत तर हात तोडतील. मग काय, पायांनी रंगवणार?”

“आणि तो बेडूक?”

तिने चुलीत लाकूड सारले. मग म्हणाली, “जायचंच असेल तर जा. पण सकाळी जेवून जा.”

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्वांनी शेला घटातून काढून घेतला आणि सुईच्या टोकाने काठाची शिवण उसवली. दुमडीच्या आत, जिथे ऊन कधी पोचले नव्हते, तिथे कापड हिरवेगार होते.

“महाराज, हिरव्या रंगात खाली नीळ असते, वर हळद. या शेल्याची हळद माझ्या चुकीने उडाली. हा बेडूकही हिरव्यांपैकीच आहे. याच्या अंगावर पिवळा चढलाच नाही. याच्यात कोणी आलेलं नाही. काहीतरी यायचं राहिलं आहे.”

“हात कोपरापर्यंत निळे, आणि गोष्टी जन्मांतराच्या!” पुरोहित म्हणाला.

“हात निळे आहेत, म्हणून निळीपुरतंच बोलतो,” बोधिसत्त्व म्हणाले.

राजा त्या हिरव्या दुमडीवरून बोट फिरवीत राहिला. “मग ती कुठे आहे?”

“ते मला माहीत नाही, महाराज. पण हा कोणाचा आहे, ते रोज संध्याकाळी ऐकू येतं.”

राजाने घट उचलला आणि फक्त रंगाऱ्याला बरोबर घेऊन तो तळ्यावर गेला. बेडूक क्षणभर त्याच्या ओल्या तळव्यावर बसला. मग पाण्यात नाहीसा झाला.

“रंग चुकलाय, हे तिला कळलं होतं?” राजाने विचारले.

“कळलं होतं. म्हणाली, ‘असू दे. असा दुसऱ्या कुणाकडे नाही.’”

तेव्हा राजा वर्षभरात पहिल्यांदा मोकळेपणाने रडला. बोधिसत्त्वांना शिक्षा झाली नाही, आणि गावही त्यांनी मागितले नाही. पुढे राजा रोज संध्याकाळी तळ्याकाठी बसू लागला. अंधारून आल्यावर निळा कोणता आणि हिरवे कोणते, हे दिसत नसे. आवाजावरूनही ओळखता येत नसे. म्हणून तो सगळ्यांचेच ऐकत राही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनात एका भिक्षूला सांगितली. त्याची मुलगी लहानपणीच गेली होती, आणि भिक्षेला गेल्यावर दारात येणाऱ्या प्रत्येक मुलीत तो तिचा चेहरा शोधत असे. शास्ते म्हणाले, “त्या वेळचा राजा म्हणजे तूच होतास. रंगाऱ्याची पत्नी राहुलमाता होती. आणि रंगारी तो मीच.”

सुभगा या जन्मी कोण आहे, हे शास्त्यांनी सांगितले नाही. भिक्षूने मान वर केली, थोडा वेळ वाट पाहिली, आणि विचारले नाही.

स्वतःची चूक उघडी पडली तरी खरे बोलणे, ही बोधिसत्त्वांची सत्यपारमिता होय.