भागूचा धोंडा

खारवणे बंदराची वस्ती जिथे संपते तिथे वाळूत एक काळा धोंडा आहे, वरून जरासा खोलगट. बरोबर समोर समुद्रात जुवा, म्हणजे छोटंसं बेट, आणि बेटावर जुवादेवीचं कौलारू देऊळ. ओहोटीला मधे वाळूची वाट उघडी पडते आणि माणसं पायी देवीला जातात. पण जाताना आपल्यातलं एक माणूस या धोंड्यावर बसवून जातात. ही इथली रीत.

त्या दिवशी बसायची पाळी सांगलीच्या शिरीष मगदूमवर आली, आणि एका जागी बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं. पहाटे चारला गाडी काढून त्याने सकाळपर्यंत बंदर गाठलं होतं. दीपगृह, मासळीबाजार, सोलकढीचं जेवण, सगळं कुणी मागे लागल्यासारखं उरकलं होतं. दुपारी चारला परत निघायचं, म्हणजे घाट उजेडात चढता येतो, हे तो सकाळपासून सहा वेळा बोलला होता.

खरं तर मागे बसायची ती त्याची आई. कुठल्याही सहलीला पिशव्या आणि चपला राखत आई पायरीवर बसणार, हे घरात ठरूनच गेलेलं. या खेपेला मात्र वैजयंतीने सासूचा हात धरला. "आई, आज तुम्ही चला. हे बसतील." नऊ वर्षांच्या ओवीने आजीचा दुसरा हात पकडला. आई इतकी खुशीत दिसली की शिरीषला नाही म्हणता आलं नाही.

पाच मिनिटांत त्याने चारदा घड्याळ पाहिलं, दोनदा जागा बदलली, मग फोनला रेंज मिळते का बघायला उठला.

"खय चललात?" जवळच जाळं दुरुस्त करत बसलेले दाजी कुबल म्हणाले. "बसान रवा."

"वाट काय, कुठूनही बघता येते की."

"तुमका वाट बघूक नाय बसवलेला," दाजी म्हणाले. मग जाळं बाजूला सारून, कुणी विचारलं नसताना, त्यांनी सांगायला घेतलं.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. गावात भागू नावाची नवी सून आली, घाटावरची. कामाला चलाख, पण पायाला भिंगरी. चूल पेटवता पेटवता विहिरीवर, विहिरीवरून खळ्यात. सासूबाई म्हणे हसून म्हणायच्या, हिची सावलीसुद्धा दमते. देवीच्या ओटीच्या दिवशी गावच्या अकरा बाया जुव्यावर निघाल्या. त्यांत भागूची धाकटी नणंद शेवंताही होती. भागूला धोंड्यावर बसवलं आणि बजावलं, काही झालं तरी उठू नकोस. कारण भरती लागली की वाट पाण्याखाली जाते, दोन्ही अंगांना खोल घळी. वाट दिसत नाही. धोंड्यावरच्या माणसाकडे नजर लावून सरळ चालत यायचं, मग पाय वाळूवरच पडतो.

भागू बसली. पण किती बसणार? पलीकडच्या खडकाला कालवं लगडलेली दिसली. नणंदेला कालवं फार आवडायची. आत्ता जाते, आत्ता येते, असं म्हणत ती उठली.

बाया वाटेवर असतानाच भरतीने जोर धरला. समोर नुसता काळा धोंडा, आणि तसे काळे धोंडे किनाऱ्यावर पन्नास. कुठल्या धोंड्याकडे चालायचं ते कळेना. सगळ्यात पुढे शेवंता होती. तिचा पाय घळीत गेला.

किंकाळी ऐकून भागू धावत आली. घळीकडे झेप घ्यायला निघालेली, पण मागे दहा जणी पाण्यात चाचपडत होत्या. ती धोंड्यावर बसली आणि तिने देवीला शब्द दिला, सगळ्या आल्याशिवाय मी उठायची नाही. तिला पाहून एकेक बाई सरळ चालत आली. दहाही आल्या. पाणी भागूच्या छातीला लागलं होतं. बाया तिला ओढू लागल्या, सासू रडून विनवू लागली. भागू म्हणे एवढंच म्हणाली, "अजून एक येवची आसा."

ओहोटीला धोंडा तेवढा उरला. त्यावरचा खोलगटपणा तिच्या बसण्याचा, असं गाव मानतं.

शिरीषने खाली पाहिलं. पाणी त्याच्या बुटांना लागलं होतं, आणि देवीचं दर्शन घेऊन परतणाऱ्या तिघी अजून निम्म्या वाटेवर होत्या. वाट दिसेनाशी झाली होती. आईला धाप लागली असावी; ती मधेच थांबली. दाजींनी आपल्या होडीची दोरी सोडून ठेवली. ते पाहून शिरीष अर्धा उठला.

"तुमी उठलात तर ती खय बघतली?" दाजी म्हणाले. "हात वर करा."

तो बसला. हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला हलावंसं वाटत असून तो हलला नाही. लांबून आईने मान वर केली, त्याला शोधलं, आणि त्याच्यावरची नजर न काढता पाऊल टाकलं. मग दुसरं. पाणी त्याच्या पोटऱ्यांवर आलं तेव्हा तिघी किनाऱ्याला लागल्या, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या.

"काय सुंदर देऊळ आहे रे," आई म्हणाली. "इतकी वर्षं मी पायरीवरच बसले बघ."

"बाबा, चार वाजून गेले," ओवी म्हणाली. "उठा ना, आलो आम्ही सगळ्या."

शिरीष उठला नाही. समोर नुसतं पाणी होतं. "थांब जरा," तो म्हणाला. "अजून एक यायची आहे."

ओवीने वैजयंतीकडे पाहिलं. आजी मात्र पदर पिळून त्याच्या शेजारी धोंड्यावर टेकली. दाजींनी होडी पुन्हा बांधली.

आजही खारवण्याला धोंड्यावर बसलेला माणूस, आपली सगळी माणसं सुखरूप आली तरी, लगेच उठत नाही.