विरोधात एकही मत नाही

स्कॉटलंडच्या डोंगरांत बायकांना मताचा हक्क नुकताच मिळाला होता, तेव्हाची ही गोष्ट. ग्लेन आस्कल खोऱ्याचे जमीनदार सर अलास्टर निवडणुकीला उभे होते. सभेत मिशीला पीळ देत ते म्हणाले, "आजोबांपासून ही जागा आमच्या घरात आहे. या खोऱ्यातून आमच्या विरोधात आजवर एकही मत पडलेलं नाही."

म्हातारी एफी उठली. "साहेब, आमच्यात दारोदार जाऊन मत मागायची रीत आहे. चला, मी दारं दाखवते."

ती त्यांना ओढ्यापलीकडे घेऊन गेली. तिथे छपरं नसलेली घरं होती आणि घरांत मेंढ्या चरत होत्या. मेंढ्यांच्या कुरणासाठीच सर अलास्टरच्या आजोबांनी या घरांतल्या सगळ्यांना जहाजात घालून कॅनडाला धाडलं होतं. एफी प्रत्येक उंबऱ्याशी थांबून हाक मारी आणि कुणी ओ देईल म्हणून जराशी वाट पाही. "डंकन... मारीअक्का..."

सर अलास्टर वैतागले. "अहो बाई, इथे मत मागू कुणाकडे? इथे कोणीच नाही."

"म्हणूनच साहेब, विरोधात एकही मत पडलं नाही," एफी म्हणाली, आणि खाली बसून बहिणीच्या उंबऱ्यावरचं गवत उपटू लागली.