बोरन्हाणाच्या चार उशा

एकदा एका वृद्ध बाईंनी एका लेकराच्या पाठीमागची उशी काढून घेतली आणि मी, शेजारीण, नको तिथे मध्ये पडले. तीच गोष्ट सांगते.

लेकरू म्हणजे शेजारच्या कुंदाची इरू. चार वर्षांची. सेरेब्रल पाल्सी आहे, असं डॉक्टर म्हणत. डोळ्यांत सगळी समज, पण अंगाचा तोल सावरत नसे. बसवली की सैल कणकेसारखी कलंडे.

संक्रांतीला तिचं बोरन्हाण होतं. हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, म्हणून मी घरच्या चार उशा आणून चहूबाजूंनी अशा ठासल्या की पोर हलली नाही. बायका म्हणाल्या, "अगंबाई, बसली की हो!" कुंदाला रडू आलं. मी तर भरून पावले. उशा मग तिथेच राहिल्या.

दोन दिवसांनी इरूचे व्यायाम घेणाऱ्या वृद्ध बाई नेहमीप्रमाणे आल्या, सोबत त्यांची शिष्या. बाईंनी एकेक उशी काढली. इरूला बाकावर बसवून बरगड्यांशी धरलं, मग हात सैल करून बोटाने हलकेच ढकललं. पोर कलंडली, रडू लागली. बाईंनी तिला अलगद झेललं.

शिष्येला राहवेना. "बाई, चांगली बसली होती. कशाला पाडायचं?"

"उशा बसल्या होत्या, बाळ," बाई म्हणाल्या. "चारी बाजूंनी आधार असला की पाठीला कामच उरत नाही. तोल जाऊ लागला की अंग स्वतःला सावरायला धडपडतं. सहा महिन्यांपूर्वी माझे हात हिच्या काखेत होते, आज बरगड्यांशी आहेत. पुढे कमरेशी येतील. पडू द्यायचं नाही, पण सावरायची तिची संधीही घ्यायची नाही."

ऐकलं मी, पण पटलं नाही. "कुंदे, आई ना गं तू? लेकरू रडतंय आणि बघत काय बसलीस? हा उपचार आहे की छळ?"

कुंदा माझा शब्द मोडत नसे. बाईंचं येणं थांबलं. उशा पुन्हा इरूभोवती आल्या. पोर शांत, मी खूश.

दीड वर्षात इरूच्या पाठीला बाक आला. तेव्हा मीच बाईंच्या दारात गेले. "चुकलं माझं. काय बोलायचं ते बोला." त्या पायांत चपला सरकवून निघाल्या.

इरूला बाकावर बसवून त्यांनी हात लावले, ते पुन्हा काखेत. शिष्येने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

आता इरू सात वर्षांची आहे. बोरन्हाणाचं वय सरलं. परवा बाईंचे हात पुन्हा बरगड्यांशी आले. इरू कलंडली, तसा माझा हात पुढे गेला. मी तो पदरात गुंडाळून घेतला.

इरू थरथरली आणि हळूहळू, आपली आपण, मध्यावर आली. एवढंच तर तिला करायचं होतं. दीड वर्ष मी ते करू दिलं नाही.