ठकूकाकीची बदकं आणि शिंपल्यांची वाट

खाडीवर पूल नव्हता आणि नव्या नवऱ्या होडीत बसून सासरी येत, त्या काळची ही गोष्ट. खाजणवाडीत ठकूकाकी नावाची एकटी बाई राहत असे. तिच्याकडे बदकं होती, आणि त्या बदकांनी तिला जीव नकोसा करून टाकला होता.

बदकं तिनं मागितली नव्हती. एक परका तांडेल वादळात अडकून तिच्या ओटीवर राहिला. जाताना पिल्लांची टोपली ठेवून म्हणाला, "परतताना नेतो." तो काही परतला नाही. पिल्लं मात्र वाढली. काकीनं परसात कुडाचं आवार घातलं, कोपऱ्यात छप्पर टाकलं आणि त्यांना आत ठेवलं.

बदकाला पाणी दिलं की ते अर्धं पितं, अर्धं सांडतं, आणि सांडलेल्यात चोच खुपसून माती उकरत बसतं. आवाराची राड झाली. बदकांच्या तळपायांना फोड आले, ती लंगडू लागली. काकीनं पेंढा अंथरला, तो कुजला आणि वास देवळापर्यंत गेला. भाताचा तूस टाकला, तो वाऱ्यानं उडाला आणि उरलेला डबक्यात तरंगला. रेती ओतली, ती चिखलानं गिळली. सपाट चिरे बसवले, त्यांवर शेवाळ धरलं आणि काकीच घसरून आपटली. दर वेळी कोणीतरी कुडापाशी उभं राहून म्हणे, "मी सांगणारच होतो."

खालच्या अंगाला नाना पाटणकरांचं घर होतं. आवारातली घाण वाहत त्यांच्या विहिरीशी जाऊ लागली, तेव्हा नानांनी गावच्या प्रमुखाकडे, गावकराकडे, गाऱ्हाणं नेलं. गावकर म्हणाला, "काकी, मृगापर्यंत चिखल थांबव, नाहीतर बदकं बाजारात पाठव."

बाजारात पाठवीन असं काकी स्वतः रोजच म्हणत असे. पण दुसऱ्यानं म्हटल्यावर ते तिला झोंबलं. "शिव्या घालायच्या तर मी घालीन," ती म्हणाली, "बदकं माझी आहेत."

त्याच दुपारी रागाच्या भरात तिनं फावडं उचललं आणि चिखल उपसायला घेतला. उपसता उपसता खाली घट्ट मुरूम लागला. तिथं पाणी साचून राहिलं होतं, त्याला जायला वाटच नव्हती. काकीनं कपाळावर हात मारला. इतके दिवस ती वरून घालत होती आणि खालचं पाणी तसंच होतं. मग तिनं जमिनीला उतार दिला, चर खणून पाणी अळवाच्या वाफ्यात सोडलं. तळाला दगड, त्यावर खडी, त्यावर झिजलेले शिंपले, आणि बदकांचे पाय कापू नयेत म्हणून वर जाड वाळू. पाण्याचं भांडं उताराच्या टोकाला ठेवलं. ती दिवसभर बडबडत शिंपले वाही, आणि तिच्या बडबडीला कंटाळून खाडीच रोज पहाटे तिच्या दारात शिंपल्यांचा ढीग आणून टाकी, असं म्हणतात.

मृगात गावकर आला, आवारात फिरला, आणि कोरड्या पायांनी परत गेला. बदकं राहिली.

श्रावणात उधाणानं बांध फुटला. गावभर कमरेएवढा चिखल झाला. नानांच्या सुनेला त्याच दिवशी कळा सुरू झाल्या, आणि घरात तर पाऊल ठेवायला जागा नव्हती. तिला बाजल्यावर घालून माणसं निघाली खरी, पण चार पावलांत रुतली. नाना कुडापाशी येऊन उभे राहिले.

"वहिनी, येऊ का आत?"

"विचारताय काय भावोजी, आणा पोरीला," काकी म्हणाली. "पाय मात्र बाहेर धुवा सगळ्यांनी. मी काय पुन्हा उपसत बसू?"

बाजलं बदकांच्या छपराखाली ठेवलं. चिखल चढत कुडापर्यंत आला, तेव्हा बदकांनी पंख पसरून आवाराभोवती कडं केलं आणि चिखल त्यांच्या पिसांपाशी थांबला, असं म्हणतात. मुलगी कोरड्या वाळूवर जन्मली.

पाणी ओसरल्यावर नाना म्हणाले, "वहिनी, गावाची वाटसुद्धा अशीच करून द्याल?"

"बदकांचा चिखल निस्तरला," काकी म्हणाली, "आता तुमचा निस्तरते."

कुरकुरत, माणसांना कामाला लावत, त्यांच्या चुका काढत तिनं वाट केली, पार खाडीच्या धक्क्यापर्यंत. शेवटची टोपली ओतून ती धक्क्यावर बसली, ती पुन्हा उठली नाही. लोक धावले, पण पाय धुतल्याशिवाय बदकांनी कोणालाही तिच्याजवळ जाऊ दिलं नाही, असं म्हणतात.

अजूनही मृगाआधी खाजणवाडीत घरटी एक टोपली शिंपले त्या वाटेवर पडतात. वाटेवर पहिला मान बदकांचा. ती निघाली की बाकी सगळ्यांनी थांबायचं, मग मुहूर्त टळत असलेली वरात का असेना. बदकं मध्येच थांबतात, पिसं विंचरतात, माघारी फिरतात. नवरदेव घामाघूम होतो, वाजंत्री ताटकळतात, म्हातारे कपाळाला हात लावतात. पण बदकांना हुसकत मात्र कोणी नाही.