सगुणा टिटवीची चौकशी

त्या गावाला काटेरी कुंपण होते आणि कुंपणाच्या आत कुणालाही भीती नव्हती. महिन्याकाठी कुणाचे करडू, कुणाचे कोकरू नाहीसे होई. सगळे हळहळत आणि चार दिवसांत विसरून जात. विसरू देत नसे ती एकटी सगुणा टिटवी. लांडग्याचा वास आला की माळावर उभी राहून ती असा कर्कश ओरडा करी की साऱ्या गावाची झोप मोडे.

ती टिटवीच एके दिवशी दिसेनाशी झाली.

गावची राखण रायाजी मुंगसाकडे होती. पाटील एडक्याने त्याला बोलावून घेतले. डोळे पुसत त्याने सांगितले की हे काम लांडग्याचेच, तरी रीतसर चौकशी व्हावी म्हणजे गावाचे समाधान होईल. रायाजी घरोघर फिरला. कोंबड्यांनी सगुणेच्या आठवणी काढल्या, म्हशीने तिच्या आवाजाची तारीफ केली. जो तो भरभरून बोलत होता. पण तिला शेवटचे कधी पाहिले, हे विचारले की सगळ्यांचे उत्तर एकच, तेही अगदी त्याच शब्दांत. रायाजीला ते खटकले. शिवाय लांडग्याने तिला मारले असते, तर माळावर निदान चार पिसे तरी पडली असती.

जबान्या घ्यायला तो उंबराखालच्या नव्या पारावर बसे. हा पार गावाने श्रमदानाने एका दिवसात बांधला होता. त्या दिवशी पाटलाने रायाजीला कुंपणापलीकडे गस्तीला धाडले होते. चौकशीच्या तिसऱ्या दिवशी तिथे वास येऊ लागला. उंबरे कुजली असतील, असे पाटील म्हणाला. लगोलग कुणीतरी सब्जाचा पाला आणून पसरला. त्याने वास गेला नाही, उलट गोडसर होऊन घशात चिकटू लागला.

भर दुपारी गाव पेंगत असताना रायाजीने पाराच्या बुडाशी बीळ खणले. आतली माती चोपून घट्ट केलेली होती आणि थराथरावर ठसे होते. खूर, पंजे, नख्या. कुणाचे ते नावानिशी सांगता यावे इतके स्पष्ट. त्यांच्याखाली सगुणा होती. तिचे पंख मोडलेले होते. चोच सताड उघडी होती आणि घशात खोलवर माती भरली होती. मेलेल्याच्या घशात माती इतकी खोल जात नाही. ती ओरडत असतानाच तिला पुरले होते. रायाजी मागे सरकत बाहेर आला.

ठशांत एक खूर ठकूबाई शेळीचा होता. गेल्या महिन्यात नाहीसे झालेले करडू तिचेच होते. रायाजी तिच्याकडे गेला तेव्हा तिने काहीच लपवले नाही. महिन्याला एक पिल्लू देण्याचा लांडग्याशी करार होता आणि कुंपणाची फट पाटील स्वतः उघडत असे. सगुणेने ते पाहिले आणि दारोदार जाऊन सांगितले. पण त्यात गावाला नवे काहीच नव्हते. सगळ्यांना ते आधीपासून ठाऊक होते.

"तुझंच करडू गेलं, ठकूबाई," रायाजी म्हणाला. "तरी तू माती टाकलीस?"

"माझी अजून दोन आहेत," ती म्हणाली. "करार मोडला तर ती राहतील का? आणि ती बया रोज माझ्या दारात येऊन त्याच्या नावानं ओरडायची. किती दिवस ऐकायचं?"

एवढे बोलून ती पाला चघळू लागली. तिच्या तोंडातून गळणारी हिरवी लाळ पाहून रायाजीला किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव पारावर जमले. रायाजीने समोर उभे राहून सगळे सांगितले. कराराचे, फटीचे, आणि ते ज्यावर बसले होते त्याच्याखाली काय आहे त्याचे. निदान एक जण तरी खाली उतरेल, असे त्याला वाटले होते. कुणी उतरले नाही. कुणी रागावलेही नाही. पाटलाने मायेने विचारले, "रायाजी, तुमच्या बिळात पिल्लं किती?"

"चार," रायाजी म्हणाला.

पारावरचे सगळे थोडे थोडे सरकले आणि मध्ये एक मुंगूस मावेल एवढी जागा झाली.

रायाजी बराच वेळ खालीच उभा राहिला. ऊन चढले, पाय पोळू लागले. दुपार व्हायच्या आत तो वर चढला आणि बसला. दगड गार होता.