बेडकुलीच्या थाळीचं पाणी कुठं अडलं?

एक होती बेडकुली. अंगठ्याएवढी. हिरवीगार. पोट मात्र पांढरं.

बेडकुली राहायची एका थाळीत. मातीची थाळी. खिडकीच्या खाली ठेवलेली.

खिडकी होती एका मोठ्या इमारतीची. इमारत सगळी काचेची. काचांवर बसायची धूळ. मग यायच्या सगुणामावशी. मावशींच्या हातात काठी. काठी साधीसुधी नाही हं! आतून पोकळ. ओढली की लांब. ढकलली की आखूड. टोकाला ब्रश. खाली लांबच लांब नळी. नळी जायची मागे, मागे, पार टाकीपर्यंत. टाकीजवळ पंप. पंप म्हणायचा, घुर्र घुर्र. पाणी म्हणायचं, आलो आलो!

पाणी यायचं नळीतून. चढायचं काठीतून. उडायचं ब्रशातून. फिस्स! काच व्हायची लख्ख. आणि काचेवरून ओघळून पाणी यायचं थाळीत. टिप टिप, टिप टिप. थाळी भरायची. बेडकुली मारायची उडी. डुबुक!

रोज असंच. रोज डुबुक.

एक दिवस काय झालं? पाणीच आलं नाही.

बेडकुलीने वर पाहिलं. ब्रश खिडकीला टेकून उभा. ना फिस्स, ना टिप टिप. थाळी कोरडी ठणठणीत. बेडकुलीची पाठ कोरडी. पाय कोरडे. बेडकुलीला कोरडं राहून चालत नाही. कोरडी बेडकी आजारी पडते. बेडकुलीला रडू आलं. पण रडायचं तरी कसं? रडण्यात पाणी जातं! तिने रडणं गिळलं. आणि निघाली.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. बेडकुली गेली ब्रशाकडे.

"ब्रशदादा, ब्रशदादा, पाणी दे."

"का गं बेडकुले?"

"थाळी माझी भरेना!"

ब्रश म्हणाला, "मी नाही जा! काठी पाणी चढवेल, तर मी पाणी देईन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. बेडकुली गेली काठीकडे.

"काठीताई, काठीताई, पाणी चढव."

"का गं बेडकुले?"

"ब्रश पाणी देईना,
थाळी माझी भरेना!"

काठी म्हणाली, "मी नाही जा! नळी पाणी सोडेल, तर मी पाणी चढवीन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. बेडकुली गेली नळीकडे. नळी जमिनीवर पसरलेली. लांबच लांब, पिवळी पिवळी.

"नळीताई, नळीताई, पाणी सोड."

"का गं बेडकुले?"

"काठी पाणी चढवीना,
ब्रश पाणी देईना,
थाळी माझी भरेना!"

नळीचा आवाज आला बारीक. मान आवळल्यासारखा. "मी नाही जा! टाकी भरलेली आहे. पंप ढकलतोय घुर्र घुर्र. पण माझ्या मानेवर बघ कोण बसलंय! स्टूल. स्टुलाने पाय काढला, तर मी पाणी सोडीन."

बेडकुलीने पाहिलं. खरंच की! स्टुलाचा एक पाय नळीवर. नळी तिथे चपटी. पापडासारखी चपटी.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. बेडकुली गेली स्टुलाकडे.

"स्टूलदादा, स्टूलदादा, पाय काढ."

"का गं बेडकुले?"

"नळी पाणी सोडीना,
काठी पाणी चढवीना,
ब्रश पाणी देईना,
थाळी माझी भरेना!"

स्टूल म्हणालं, "मी नाही जा! मला काय हौस आहे? वर बघ कोण बसलंय! मावशी उठतील, तर मी हलेन."

बेडकुलीने वर पाहिलं. स्टुलावर बसल्या होत्या सगुणामावशी. पदर खोचलेला. गाल फुगलेले.

आज होती खालच्या खिडक्यांची पाळी. खालच्या खिडक्या मावशी बसून धुतात. गुडघे दुखतात ना! त्यांनी स्टूल मांडलं. त्या बसल्या. आणि बसताक्षणी पाणी बंद! तेव्हापासून त्या बसल्याच होत्या.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. बेडकुली गेली मावशींच्या पायाशी.

"मावशी, मावशी, जरा उठा."

"का गं बेडकुले?"

"स्टूल जागचं हलेना,
नळी पाणी सोडीना,
काठी पाणी चढवीना,
ब्रश पाणी देईना,
थाळी माझी भरेना!"

मावशींनी ऐकलं का? छे! त्यांचं लक्षच नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी नाही जा! ब्रश झटकून झाला. काठी उघडून झाली. टाकीत डोकावून झालं. सगळं करून दमले गं बाई. आता मिस्त्री येतील, तर मी उठेन."

सगळीकडे पाहिलं मावशींनी. स्वतःच्या खाली तेवढं पाहिलं नाही.

टुणुक... टुणुक... बेडकुली गेली मिस्त्रीकाकांकडे. उड्या आता लहान झाल्या होत्या. ऊन लागत होतं.

कोंडिबा मिस्त्री बसले होते फाटकाजवळ. शेजारी हत्यारांची पिशवी. पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर. सगळं तयार. पण मिस्त्री काही हलायला तयार नाहीत.

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, लवकर या."

"का गं बेडकुले?"

"मावशी काही उठेना,
स्टूल जागचं हलेना,
नळी पाणी सोडीना,
काठी पाणी चढवीना,
ब्रश पाणी देईना,
थाळी माझी भरेना!"

मिस्त्री म्हणाले, "मी नाही जा! आज शनिवार. मशीनला दृष्ट लागली असणार, दुसरं काय! आधी लिंबू-मिरची बांधायची, मग पाना लावायचा. आमची पद्धतच आहे तशी. मिरच्या आहेत सात. लिंबू नाही. लिंबू खाली पडेल, तर मी येईन."

वर झाडाला एक लिंबू लटकत होतं. पिवळंधमक. गोल गोल.

टुणुक... टुणुक... बेडकुली गेली लिंबाच्या खाली.

"लिंबूदादा, लिंबूदादा, खाली पड."

"का गं बेडकुले?"

"मिस्त्री काही येईना,
मावशी काही उठेना,
स्टूल जागचं हलेना,
नळी पाणी सोडीना,
काठी पाणी चढवीना,
ब्रश पाणी देईना,
थाळी माझी भरेना!"

लिंबू म्हणालं, "मी नाही जा! लिंबोणीआजीने घट्ट धरलंय मला. आजी हात सोडेल, तर मी पडेन."

टुण... टुण... बेडकुली गेली लिंबोणीच्या मुळाशी. आता तिला उडी नीट मारता येईना.

"लिंबोणीआजी, लिंबोणीआजी, लिंबू सोड."

"का गं बेडकुले?"

बेडकुलीने श्वास घेतला. मोठ्ठा.

"लिंबू खाली पडेना,
मिस्त्री काही येईना,
मावशी काही उठेना,
स्टूल जागचं हलेना,
नळी पाणी सोडीना,
काठी पाणी चढवीना,
ब्रश पाणी देईना,
थाळी माझी भरेना!"

लिंबोणी म्हणाली, "मी नाही जा! खिडकीचं उरलेलं पाणी पाटातून माझ्याकडे येतं. आज आलं नाही. माझी पानं बघ, कशी मिटली. मला पाणी मिळेल, तर मी लिंबू सोडीन."

झालं! बेडकुलीला पाहिजे पाणी. आणि लिंबोणीलाही पाहिजे पाणीच. आता पाणी आणायचं कुठून?

बेडकुलीने आपल्या पोटाकडे पाहिलं.

तिच्याकडे होतं थोडं पाणी. कुठे? पोटात. बेडकीच्या पोटात असते इवलीशी पिशवी. पिशवीत असतं पाणी. अडीअडचणीला ठेवलेलं. तेवढंच होतं. तेही दिलं तर? तर बेडकुली आतून कोरडी, बाहेरून कोरडी. बेडकुलीला भीती वाटली. खूप भीती वाटली.

मग तिने डोळे मिटले. लिंबोणीच्या मुळाशी बसली. आणि चिर्र्र! होतं नव्हतं ते सगळं पाणी देऊन टाकलं.

बेडकुलीने शू केली म्हणा हवं तर. हसा खुशाल! झाडाला ते चालतं.

लिंबोणी म्हणाली, "एवढंसंच?"

बेडकुली म्हणाली, "एवढंच होतं, आजी."

लिंबोणीची पानं हलली. सळसळ सळसळ. "मग हे घे," म्हणाली.

आजीने सोडलं लिंबू. टप्प!

लिंबू घरंगळलं मिस्त्रींकडे. गडगड गडगड.

मिस्त्रींनी लिंबू ओवलं. खाली सात मिरच्या ओवल्या. पिशवी उचलली. खडखड खडखड. आणि निघाले.

मिस्त्री आलेले बघून मावशी उठल्या. "या या! आलात का एकदाचे!"

मावशी उठल्या, तशी स्टुलाला हलकं वाटलं. स्टूल म्हणालं, हुश्श!

स्टुलाने पाय सैल केला, तशी नळी फुगली. फुर्र फुर्र!

नळीने पाणी सोडलं. सूं सूं!

काठीने पाणी चढवलं. सुळसुळ!

ब्रशाने पाणी दिलं. फिस्स! फिस्स! फिस्स!

मिस्त्रींनी पाना अजून काढलाही नव्हता. लिंबू हातातच होतं. त्यांनी छाती फुगवली. "बघितलंत सगुणाबाई? अजून बांधलंही नाही. नुसतं दाखवलं! लिंबाचा गुण!"

त्यांनी लिंबू-मिरची काठीला बांधली. गाठ मारली पक्की.

बेडकुली अजून वाटेतच होती. टुणुक नाही. टुण नाही. नुसती सरपट, सरपट. समोर दिसत होती थाळी. काचेवरून पाणी ओघळत होतं. थाळीत पडला एक थेंब. टिप! पडला दुसरा थेंब. टिप!

मावशी म्हणाल्या, "चला, सुटले बाई!"

आणि मावशी बसल्या. धप्प! कुठे बसल्या? स्टुलावर!

पाणी बंद.

मिस्त्रींनी लिंबाकडे पाहिलं. लिंबू होतं जागच्या जागी. मिरच्या मोजल्या. बरोबर सात. मग पाणी का गेलं? मिस्त्रींनी डोकं खाजवलं. मावशींनी कपाळाला हात लावला.

बेडकुली पोचली थाळीपाशी. थाळीत दोनच थेंब. बेडकुली रागावली. आता मात्र खरंच रागावली! तिने गळा फुगवला. आणि ओरडली. एवढीशी बेडकुली, पण केवढ्याने ओरडली!

"मावशी काही उठेना,
स्टूल जागचं हलेना,
नळी पाणी सोडीना,
काठी पाणी चढवीना,
ब्रश पाणी देईना,
थाळी माझी भरेना!"

मावशींनी मान वळवली. "काय म्हणालीस गं? पुन्हा म्हण बघू. सावकाश."

बेडकुली सावकाश म्हणाली, "मावशी... काही... उठेना."

मावशी उठल्या.

"स्टूल... जागचं... हलेना."

मावशींनी स्टूल उचललं. खाली वाकल्या. खाली होती नळी. पिवळी नळी. चपटी झालेली नळी. त्यांच्या डोळ्यांसमोर ती फुगली. फुर्र फुर्र!

"अगं बाई! मीच बसले होते की पाण्यावर!"

मिस्त्री पोट धरून हसले. "काखेत कळसा अन् गावाला वळसा!"

मावशी म्हणाल्या, "हसू नका हो फार. तुम्ही तर लिंबासाठी अडून बसला होता!"

मिस्त्रींचं हसू थांबलं. मग त्यांनी काय केलं? गुपचूप वाकले. नळीची चपटी जागा बोटांनी दाबून गोल केली. नळी भिंतीकडेने नीट अंथरली. कुठे पीळ नाही, कुठे गाठ नाही. पाना लागला नाही. पक्कड लागली नाही.

मावशींनी स्टूल मांडलं दूर. फरशीवर. मांडायच्या आधी खाली पाहिलं. दोनदा पाहिलं.

आणि पाणी आलं! नळीतून सूं सूं, काठीतून सुळसुळ, ब्रशातून फिस्स! काच झाली लख्ख. पाणी ओघळलं. टिप टिप, टिप टिप. पाटातून लिंबोणीआजीकडेही गेलं. झुळझुळ झुळझुळ.

थाळी भरली अर्धी. बेडकुली कशीबशी चढली काठावर. आणि डुबुक!

आधी पाय ओले झाले. मग पाठ ओली झाली. मग पोट. बेडकुलीला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की तिने डोळे मिटून घेतले.

मावशी थाळीजवळ बसल्या. या वेळी जमिनीवरच. "चुकलं गं माझं. तू पहिल्यांदा सांगितलंस, तेव्हाच ऐकायला हवं होतं."

बेडकुलीने एक डोळा उघडला.

मावशींनी विचारलं, "एवढं पाणी पुरे का गं?"

बेडकुली म्हणाली, "नाही. काठोकाठ भरा!"

मग मावशींनी ब्रश थेट थाळीवरच धरला. फिस्स!

पाणी गेलं खाली, गोष्ट इथे झाली. ज्यांनी नीट ऐकली, त्यांची थाळी भरली!