हत्तीचा गुडघा

भर दुपारी बाराची वेळ. निंबापूर शहराचा नदीघाट. वैशाखाचे दिवस. नदी आटून पार पलीकडच्या काठाला गेली होती. आणि घाटावरच्या दगडी हत्तीचे पाय ओले होते.

कारभारी त्र्यंबकपंतांनी बोट लावून पाहिले. ओल खरी होती. बोटाला गाळ लागला. त्याला श्रावणातल्या पुराचा वास येत होता. पंतांनी इकडेतिकडे पाहिले, उपरण्याने हत्तीचा पाय पुसला आणि मजुरांना हाक मारली, "अरे, चुना ओल सोडतोय. तेलाचा हात द्या याला."

चुना ओल सोडत नव्हता. पंतांना ते पक्के ठाऊक होते. कसे, ते आधी सांगायला हवे.

हा हत्ती म्हणजे निंबापूरची ओळख. राज्याच्या शिक्क्यावर तोच. पण घाटाखालच्या आळीला शिक्क्याशी काही देणेघेणे नव्हते. तिला हत्ती वेगळ्याच कामाचा होता. निंबापुरात नदीला कुणी नावाने हाक मारत नसे, 'बाई' म्हणत. बाई चढू लागली की घाटावरचा गुरव हत्तीकडे बघून हाळी देई. 'पायाला!' म्हणजे भांडीकुंडी माळ्यावर टाका. 'गुडघ्याला!' म्हणजे भांडी गेली खड्ड्यात, पोरे उचला आणि टेकडी गाठा. कारण आळीतून बाहेर पडायची वाट एकच होती, मागच्या ओढ्यावरची फरशी, म्हणजे बुटका दगडी पूल. पाणी हत्तीच्या गुडघ्याला लागले की पाठोपाठ ती फरशी बुडे. या दोन शब्दांवर आळी पिढ्यान्‌पिढ्या जगली होती. पंत त्याच आळीत जन्मले होते. त्यांची थोरली बहीण सगुणाक्का अजून तिथेच राहत होती.

मग काय झाले, की राजा शेजारच्या राज्यात पाहुणचाराला गेला आणि तिथला घाट पाहून आला. आल्या आल्या त्याने हुकूम सोडला. नदीकाठाचे सुशोभीकरण करा. हा शब्द शहराने पहिल्यांदाच ऐकला.

"म्हणजे नेमकं काय करायचं हो?" घाटावरच्या धोबिणीने विचारले.

"तुझा कपडे धुवायचा दगड उचलायचा आणि तिथं कुंडी ठेवायची," गुरव म्हणाला.

धोबीण खळखळून हसली. दुसऱ्या दिवशी तिचा दगड खरोखरच उचलला गेला.

राजा नावेतून पाहणीला निघाला. हत्तीचे पाय गाळात, अंगावर शेवाळ. राजाचे तोंड कडू झाले. "राजचिन्ह चिखलात उभं? उचला त्याला. चांगला पुरुषभर उंच चौथरा बांधा. भोवती हिरवळ, कारंजी, बसायला रुंद कट्टा. कुणाची हरकत?"

पंतांची हरकत होती. ती जिभेच्या टोकाशी आली होती. पण प्रधानपदाची वस्त्रे कुणाच्या अंगावर पडणार, हे त्याच वर्षी ठरायचे होते. पंत खाकरले आणि म्हणाले, "महाराजांची नजर थोर आहे."

हत्ती चौथऱ्यावर चढला. कट्टा इतका उंच झाला की आळीतून नदी दिसेनाशी झाली. तेव्हा सगुणाक्का भावाच्या दारी आली.

"त्र्यंबक, हत्तीला पाटावर बसवलास म्हणे. लगीन आहे का त्याचं?"

"अक्का, राजाज्ञा आहे."

"असू दे की. पण आता गुडघा कुठं आला, ते सांग. त्याच्या गुडघ्याला पाणी येईतोवर आमच्या डोक्यावरून जाईल."

"चौथऱ्यावर जुन्या गुडघ्याच्या उंचीची खूण करून देतो. चांगली ठसठशीत, तांबडी."

"कधी?"

"उद्घाटन होऊ दे. आत्ता रेघ ओढली तर नवा दगड विद्रूप दिसेल."

"तुला कडेवर घेऊन मी टेकडी चढले होते, तेव्हा तूही विद्रूपच दिसत होतास. नाकाला शेंबूड. तरी टाकला नाही मी."

पंत हसले. अक्का हसली नाही.

त्यानंतर हत्ती ओला होऊ लागला.

पहिल्या दिवशी पंतांनी पाय पुसला, ते वर सांगितलेच. पण ओल पुसून जाईना. रोज दुपारी, ऊन ऐन डोक्यावर आले की ती दगडातून वर येई आणि आदल्या दिवसापेक्षा थोडी उंच चढे. वरची कड अशी सरळ, की जणू दोरी धरून आखलेली. कडेच्या वर तापलेला दगड, हात लावला तर भाजावा. कडेच्या खाली थंडगार गाळ. हत्तीच्या सावलीला कुत्रे बसेना. ज्येष्ठ संपता संपता ओल नेमकी गुडघ्याला आली आणि थांबली.

गुरव हात जोडून म्हणाला, "पंत, बाई तिकडं लांब आहे आणि पाणी इथं चढतंय. ती आधीच सांगतेय."

"काय सांगतेय?"

"मी कशाला बोलू? तुम्ही आळीचेच आहात."

पंतांनी राजवाड्यातून जरीची झूल मागवली. जमिनीपर्यंत लोळणारी. ती हत्तीवर घातली आणि उद्घाटनापर्यंत काढायची नाही, असे बजावले. संध्याकाळी झाडूवाल्या आल्या, तेव्हा झुलीच्या काठातून पाणी ठिबकत होते. त्या झाडू न मारताच परतल्या. दुसऱ्या दिवसापासून कामावर आल्या नाहीत.

गुरवाला पंतांनी बाजूला घेऊन ताकीद दिली. "खूण होईपर्यंत हत्तीकडेच बघून हाळी द्यायची. पाहुण्यांसमोर भलतीच ओरड करून गोंधळ घालायचा नाही."

भरलेली नदी शोभून दिसते, म्हणून मुहूर्त श्रावणातला धरला होता. शेजारचा राजा आला. झूल उतरली. हत्ती स्वच्छ, कोरडा होता. पंतांनी सुटकेचा श्वास टाकला. दिवेलागणीला सगळे राजवाड्याच्या सज्जात बसले. खाली काठभर पणत्या लावल्या होत्या. वरच्या खोऱ्यात दोन दिवस पाऊस कोसळत होता, पण त्याची वार्ता घ्यायला सवड कुणाला होती?

बाई हिरवळीवर आली. पणत्या पाण्यात दुणावल्या.

"वा!" पाहुणा राजा म्हणाला. "बागेत पाणी सोडलंत? काय कल्पना आहे!"

राजा खूश झाला. पंतांची नजर मात्र चौथऱ्यावर होती. पाणी दगडी थरांवरून एकेक करत वर सरकत होते. जिथे तांबडी खूण करायची होती, तिथे ते आले. आता हाळी पडायला हवी होती. पडली नाही. गुरव हुकमाप्रमाणे हत्तीच्या पायांकडे बघत उभा होता. त्या घडीला सगळ्या शहरात तो एक शब्द उच्चारायची वेळ झाली, हे पंतांनाच ठाऊक होते. सज्जातून ओरडले असते तरी आळीला ऐकू गेले असते. फरशी अजून उघडी होती.

"पंत," राजाने विचारले, "चौथरा कसा दिसतोय?"

पंत म्हणाले, "शोभतोय, महाराज."

पाणी खुणेच्या जागेवरून पुढे गेले. बऱ्याच वेळाने घाटावरून गुरवाची हाळी आली, "पायाला!"

"ऐकलं!" आळीने नेहमीसारखे उत्तर दिले. पाठोपाठ माळ्यांवर भांडी चढवल्याचा आवाज सुरू झाला. कुणी घाई केली नाही. कशाला करतील? उद्घाटन झाले म्हणजे पंतांनी कबूल केलेली खूणही झाली असेल, असे आळीने धरले होते. हाळी पायाची होती.

तेव्हा पंत उठले. पागोटे सज्जातच राहिले. ते धावत ओढ्यापाशी पोचले, तर फरशी नव्हती. नुसता काळा लोंढा होता. पलीकडे सगुणाक्का दारात उभी होती, हातात पितळी हंडा.

"त्र्यंबक, तू होय? पायालाच आहे ना रे?"

पंतांच्या तोंडून शब्द फुटला तेव्हा त्याची किंकाळी झाली होती. "गुडघ्याला! अक्का, गुडघ्याला!"

आळीतला भांड्यांचा आवाज थांबला. सगळ्या घरांतला, एकदम. ना रडणे, ना ओरडणे, ना पळापळ. पंत अलीकडे उभे राहून ऐकत राहिले आणि पलीकडून काहीच ऐकू आले नाही.

पुढे दरबारात चौकशी झाली. चौकशी करायला राजाने त्र्यंबकपंतांनाच नेमले. अंगावर प्रधानपदाची नवी वस्त्रे होती. पंत उभे राहिले आणि मान खाली घालून म्हणाले, "हाळी झाली होती, महाराज. आळी हलली नाही." राजाने मान डोलावली. कामकाज संपले.

पूर ओसरल्यावर लोक आळीत गेले, तेव्हा घरे उभी होती. माळ्यांवर भांडी नीट रचलेली होती, एकसुद्धा कलंडलेले नव्हते. माणूस मात्र एकही नव्हते. जिवंत नाही आणि मेलेलेही नाही. खालच्या गावांनी आपापले काठ धुंडाळले. बाईने कुणालाच कुठे सोडले नव्हते. एक अख्खी आळी कुठे गेली, याचे उत्तर दरबाराने आजतागायत दिलेले नाही.

तात्पर्य: शोभेपायी लोकांची खूण हलवणारा मूर्ख ठरतो, पण ती हलली हे ठाऊक असून जो वेळेवर तोंड उघडत नाही, तो गुन्हेगार असतो.